तक्रार कोणी करायची? : सुलभीकरण परिषदेची वाटचाल

लघुउद्योजकाचे बिल सहसा कोणी नाकारत नाही, ते पडून राहते. माल गेटवर उतरतो, चलनावर शिक्का बसतो, मग तपासणी, मग स्टोअरची नोंद, मग खरेदी विभागाची सही, मग अकाउंट्स. प्रत्येक टेबलावर उत्तर एकच मिळते, ‘पुढे पाठवलंय.’ पैसे देणार नाही असे कोणीच म्हणत नसल्यामुळे भांडायचे कोणाशी, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड, की भांडून झाल्यावर पुढची ऑर्डर कोण देणार? भोसरीतल्या किंवा सातपूरमधल्या ज्या वर्कशॉपचे निम्म्याहून अधिक काम एकाच कंपनीचे आहे, त्याच्या मालकाला ‘कायदा तुमच्या बाजूने आहे’ असे सांगणे सोपे असते. त्याने तो वापरावा कसा हे सांगणे सोपे नसते. अशा थकीत रकमांसाठी देशात जी यंत्रणा उभी राहिली ती सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषद, आपल्या बोलण्यातली ‘कौन्सिल’. तिचा आजचा कायदा २ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. २ ऑक्टोबर २०२६ रोजी त्याला वीस वर्षे होतात. या वाटचालीची मांडणी व्याजदर, मुदती आणि निवाडे यांच्या अंगाने नेहमी होते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे वेगळे आहे. तक्रार कोणी करायची, या एका प्रश्नाभोवती हा सारा इतिहास फिरला आहे. जिथे तक्रारीचा भार पुरवठादाराच्या डोक्यावरच राहिला तिथे कडक कायदाही लुळा पडला, आणि जिथे तो उतरला तिथे साध्या फॉर्मनेही काम केले.

आपल्याकडे लघुउद्योग वाढले तेच मुळी कोणाचे तरी पुरवठादार म्हणून. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच वर्षी महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळही आले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत वसाहतींतल्या शेड मोठ्या कारखान्यांच्या आणि सरकारी मंडळांच्या ऑर्डरींवर भरल्या. माल उधारीवर जात असे. उधारीचा काळ ठरवणारा नेहमी घेणारा. परिणामी मोठ्या कंपनीचे खेळते भांडवल प्रत्यक्षात लहान उद्योजक पुरवत होता, तेही बिनव्याजी, आणि स्वतः मात्र बँकेकडून व्याजाने आणत होता. त्यात बँक जुनी येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये सहसा धरत नाही, म्हणजे बिल जितके जास्त थकेल तितकी बँकेची मर्यादाही आखडते. नव्वदीच्या सुरुवातीला लघुउद्योगांच्या पतपुरवठ्याचा विचार करणाऱ्या नायक समितीने खेळत्या भांडवलाचा प्रश्न ऐरणीवर आणला आणि त्याच सुमारास, २३ सप्टेंबर १९९२ रोजी, विलंबाने दिलेल्या रकमांवर व्याज आकारणारा अध्यादेश निघाला. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला.

१९९३ चा हा कायदा वाचताना आजही आश्चर्य वाटते, कारण पुढे नवे म्हणून जे आले त्यातले बरेचसे त्यात होतेच. मासिक चक्रवाढ व्याज होते. अपील करायचे तर ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती. घेणाऱ्याने थकीत रक्कम आपल्या वार्षिक हिशेबात दाखवावी असेही कलम होते. नव्हती ती एकच गोष्ट, न्यायालयाबाहेरची वाट. हे सारे मिळवायचे तर पुरवठादाराने दिवाणी न्यायालयात जायचे होते. म्हणजे कोर्ट फी भरायची, वकील द्यायचा, तारखांना हजर राहायचे आणि व्हेंडर लिस्टमधून नाव कटण्याची तयारी ठेवायची. १९९८ मध्ये दुरुस्ती झाली. व्याज स्टेट बँकेच्या प्राइम लेंडिंग रेटच्या दीडपट झाले आणि राज्यांना ‘उद्योग सुलभीकरण परिषद’ स्थापण्याची मुभा मिळाली. परिषदेचा जन्म खरे तर इथला. न्यायालयाऐवजी उद्योग खात्याच्या कार्यालयात, उद्योगाची भाषा समजणाऱ्यांसमोर आपले म्हणणे मांडता येणे ही मोठीच सोय होती. मात्र दार बदलले तरी ते ठोठावणारा हात तोच राहिला.

या काळातल्या एका खटल्याचा उल्लेख महाराष्ट्राच्या संदर्भात टाळता येत नाही. स्नेहदीप स्ट्रक्चर्स विरुद्ध महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळ हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लवादाच्या निवाड्याला आव्हान देणारा अर्ज हा ‘अपील’ आहे की नाही, आणि म्हणून ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागेल की नाही, असा प्रश्न होता. न्यायालयाने भरावी लागेल असे सांगितले आणि पुरवठादारांच्या हातात एक पक्के हत्यार आले. कायद्याचे अभ्यासक हा निकाल त्या तत्त्वासाठी उद्धृत करतात. आपल्या स्मरणिकेत तो वेगळ्या कारणासाठी यावा. लघुउद्योगांच्या विकासासाठी स्थापन झालेले महामंडळच इथे देणेकरी होते, आणि लघुउद्योगासाठी केलेल्या कायद्यातून सुटण्यासाठी शब्दाचा कीस काढत होते. नाव विकासाचे असो वा कल्याणाचे, एकदा घेणाऱ्याच्या खुर्चीत बसले की वागणे घेणाऱ्याचेच होते.

२००६ च्या कायद्याने जुना कायदा रद्द करून त्याच्या जागी पाचवे प्रकरण आणले, कलम १५ ते २५. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत नाही, करार नसला तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज. हा दर कागदावर किती कडक आहे ते आकड्यात पाहिल्याशिवाय कळत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षे बँक रेट ६.७५ टक्के होता, त्याची तिप्पट २०.२५ टक्के. दहा लाखांचे बिल मुदतीनंतर एक वर्ष थकले तर व्याजच सुमारे २ लाख २२ हजार होते. याआधी फेब्रुवारी २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँक रेट ६ वरून थेट ९.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा देशभरातल्या थकीत बिलांचा व्याजदर एका दिवसात १८ वरून २८.५ टक्के झाला. तरीही त्या दिवसापासून बिले वेळेवर निघू लागली असा कोणाचा अनुभव नाही. व्याज जबर असूनही घेणारा बेफिकीर राहत असेल, तर ते व्याज आपल्याकडे कोणी मागणार नाही याची त्याला खात्री असली पाहिजे, दुसरे कारण संभवत नाही.

परिषदेची रचनाही या कायद्याने पक्की केली. तीन ते पाच सदस्य. उद्योग संचालक किंवा त्या खात्याचा अधिकारी अध्यक्ष. लघुउद्योग संघटनेचा प्रतिनिधी. बँक किंवा वित्तसंस्थेचा प्रतिनिधी. आणि उद्योग, अर्थ, कायदा वा व्यापार जाणणारी व्यक्ती. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद, आणि निर्णय ९० दिवसांत. सर्वांत उपयोगी तरतूद मात्र बिनगाजावाजाची आहे. पुरवठादार जिथला, तिथल्या परिषदेला अधिकार. घेणारा देशात कुठेही असो. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला आपल्या कास्टिंगच्या पैशांसाठी चेन्नईची तारीख गाठावी लागत नाही, पर्चेस ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरात कोणत्याही शहराचे न्यायक्षेत्र छापलेले असले तरी. २०२२ मध्ये महाकाली फूड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने करारातल्या खासगी लवादाच्या कलमापेक्षा हा कायदा वरचढ असल्याचे स्पष्ट केले. अर्ज करण्यासाठी २०१७ पासून ‘समाधान’ पोर्टल आले. ते सोयीचे ठरले. परंतु ९० दिवसांची मुदत बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली, कारण सदस्य अर्धवेळ, अध्यक्षांकडे खात्याची इतर दहा कामे, आणि निवाडा मिळाल्यावरही वसुलीसाठी न्यायालयात दरखास्त लावावी लागतेच.

परिषदेपुढचे बरेचसे वाद प्रत्यक्षात एका तारखेवर अडतात, ते जवळून पाहण्यासारखे आहे. ४५ दिवस मोजायचे ते ‘स्वीकृतीच्या दिवसा’पासून. माल पोहोचल्यावर १५ दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. म्हणजे गेटवरच्या वॉचमनने चलनावर मारलेला शिक्का आणि त्याखाली खरडलेली तारीख हा सगळ्या दाव्याचा पाया. आता व्यवहारात काय होते? शिक्का असतो, तारीख नसते. किंवा तारीख असते ती स्टोअरच्या नोंदीची, माल आल्यानंतर तीन आठवड्यांची. रिजेक्शनची डेबिट नोट सहा महिन्यांनी, नेमकी पैसे मागितल्यावर निघते. कायद्याने ही पळवाट केव्हाच बुजवली आहे, पण बुजवलेली पळवाट दाखवून द्यायला हातात कागद लागतो, आणि माल उतरवून घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या वॉचमनकडे तारखेसाठी अडून बसण्याची हिंमत टेम्पोवाल्याला कुठून यावी? उद्यम नोंदणीचेही, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग असल्याच्या सरकारी नोंदीचेही, तसेच. अडचणीत आल्यावर नोंदणी करणारे पुष्कळ; करारानंतरच्या नोंदणीचा लाभ आधीच्या व्यवहाराला मिळणार नाही, असे न्यायालयाने २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज निकालात आणि पुढेही सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये एका खंडपीठाने या भूमिकेबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. त्यावर विसंबून नोंदणी लांबवणे मात्र शहाणपणाचे नाही.

मग परिषदेकडे येते कोण? ज्यांचा त्या कंपनीशी व्यवहार संपलेला आहे असे, बहुतांशी. ऑर्डर बंद झाली, व्हेंडर बदलला, खरेदी विभागातला ओळखीचा अधिकारी बदलून गेला, की फाइल परिषदेकडे निघते. तोवर वर्षे लोटलेली असतात. सोनाली पॉवर इक्विपमेंट्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य वीज मंडळ हा वाद याचे बोलके उदाहरण. मुदतीचा कायदा परिषदेला लागू होतो का, हा प्रश्न घेऊन तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि निकाल आला जुलै २०२५ मध्ये, म्हणजे मंडळाचे विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्याला वीस वर्षे उलटल्यावर. समेटासाठी जुने येणेही मांडता येईल, पण लवादात मुदतबाह्य येणे वसूल करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. तरी त्याचा व्यावहारिक अर्थ लक्षात घ्या. संबंध टिकावा म्हणून जो पुरवठादार तीन वर्षे गप्प बसला, त्याचा समजूतदारपणाच त्याच्या विरुद्ध मोजला गेला.

परिषदेवर घेतले जाणारे आक्षेप इथे विचारात घ्यायला हवेत. पहिला कराराच्या स्वातंत्र्याचा. दोन सज्ञान पक्षांनी ९० दिवसांची उधारी ठरवली असेल तर सरकारने मध्ये का पडावे? उत्तर असे, की पर्चेस ऑर्डरच्या अटी ‘ठरत’ नाहीत, त्या छापून येतात. ज्याला अट नाकारता येते त्याच्यासाठी कराराचे स्वातंत्र्य; शिवाय मध्यम उद्योग आणि त्याहून मोठे यांना पुरवठादार म्हणून हे प्रकरण लागूच नाही, तेव्हा मोठ्यांच्या आपसांतल्या सौद्यात कायदा लुडबुड करत नाही. दुसरा आक्षेप ७५ टक्के रक्कम आधी भरण्याबद्दल. ही अट खरोखर जाचक आहे आणि चुकीच्या निवाड्याविरुद्ध प्रामाणिक घेणाऱ्यालाही ती सोसावी लागते. पण ती नसती तर प्रत्येक निवाडा आव्हानाच्या खुंटीला टांगला गेला असता. दोन्ही बाजूंच्या जाचाची तुलना केली तर पैसे आधीच वापरून बसलेल्याने ते न्यायालयात ठेवावेत यात अन्याय कमी आहे. तिसरा आक्षेप मात्र वजनदार. ज्या परिषदेसमोर समेटाच्या बोलणीत तुम्ही ‘चला, दोन लाख सोडतो’ म्हणालात, तीच परिषद उद्या लवाद म्हणून बसते. महाकाली फूड्सच्या निकालाने याला कायदेशीर मान्यता दिली आहे. पण तेवढ्याने माणसाच्या मनातली धास्ती जात नाही. समेटाचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवण्याची सोय कायद्यात आहेच, ती सर्रास वापरली पाहिजे.

गेल्या काही वर्षांत खरा बदल घडला तो परिषदेच्या दालनाबाहेर. थकीत रक्कम हिशेबात दाखवण्याचे जे कलम १९९३ पासून निपचित पडले होते, त्यात जानेवारी २०१९ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या आदेशाने जीव आला. ४५ दिवसांवर थकवणाऱ्या कंपन्यांनी दर सहा महिन्यांनी विवरण भरायचे, कोणाचे किती आणि का थकले ते लिहायचे. त्याच वर्षी सेबीचे माजी अध्यक्ष यू. के. सिन्हा यांच्या समितीने रिझर्व्ह बँकेला दिलेल्या अहवालात ठरावीक रकमेवरची बिले माहिती-भांडारात सक्तीने नोंदवावीत, म्हणजे थकवणाऱ्याचे नाव पुरवठादाराने तोंड न उघडताही दिसेल, अशी सूचना केली. बिले वटवून लगेच पैसे देणाऱ्या ट्रेड्स मंचावर नोंदणी मोठ्या कंपन्यांना सक्तीची झाली, आणि २०२४ मध्ये उलाढालीची मर्यादा ५०० कोटींवरून २५० कोटींवर आली. याच्या जोडीला आयकर कायद्याच्या कलम ४३ब मधले नवे पोटकलम, १ एप्रिल २०२४ पासून. सूक्ष्म वा लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळणार. या एका ओळीने जे साधले ते तिप्पट व्याजाने सतरा वर्षांत साधले नव्हते. मार्च २०२४ मध्ये कंपन्यांचे अकाउंटंट आपणहून पुरवठादारांना फोन करून ‘तुमचा उद्यम नंबर पाठवा’ म्हणू लागले. आता विचारणारा घेणाऱ्याचाच सीए होता. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून दहा कोटी डॉलरवर उलाढालीच्या कंपन्यांना आपण लहान पुरवठादारांना किती दिवसांत पैसे देतो हे जाहीर करायला लावले, त्यामागचा विचार हाच.

यावर एक आक्षेप जोरात आला. सुरतच्या कापडबाजारापासून अनेक बाजारांनी ही तरतूद पुढे ढकलण्याची मागणी केली. मोठे गिऱ्हाईक लहान पुरवठादार टाळेल, मध्यम उद्योगाकडून माल घेईल, नाही तर ‘उद्यम नोंदणी सोडा, मग ऑर्डर देतो’ म्हणेल, ही भीती. ती निराधार नव्हती. ज्या कापडबाजारात उधारीच चार-चार महिन्यांची, तिथे ४५ दिवसांचा फटका साखळीतल्या लहान व्यापाऱ्यालाही बसतो, जो स्वतः कोणाचे तरी येणे पाहत बसलेला असतो. मात्र हाच युक्तिवाद किमान वेतनाच्या, बोनसच्या आणि भविष्यनिर्वाह निधीच्या वेळीही झाला होता. लहान पुरवठादाराकडून माल घेतला जातो तो त्याचा दर आणि त्याचे हात चांगले म्हणून. बिनव्याजी उधारी हा त्या दरातला न दिसणारा भाग होता. तो उघड झाल्याने काही ऑर्डरी जातील. ज्या ऑर्डरी केवळ पैसे थकवता येतात म्हणून मिळत होत्या, त्या गेल्याचे दुःख किती करायचे ते ज्याने-त्याने ठरवावे.

उरते सरकार. इथे आतापर्यंतची सारी अवजारे बोथट होतात. नगरपालिका आणि सरकारी खाती आयकर भरत नाहीत, तेव्हा वजावट अडवण्याचा धाक नाही. कंपनी नसल्याने सहामाही विवरण नाही. कायद्यातली ‘खरेदीदारा’ची व्याख्या सरकारलाही लागू होते, पण थकबाकी मागायची ती राज्य सरकारच्याच अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, आणि तिथे उत्तर मिळते, ‘अनुदान आलेले नाही.’ जणू अनुदान न येणे ही अतिवृष्टीसारखी नैसर्गिक आपत्ती आहे. पुरवठादाराला मात्र बिल काढल्यावर जीएसटी त्याच्या मुदतीत भरावाच लागतो. म्हणजे सरकारने न दिलेल्या पैशांवरचा कर सरकारलाच, स्वतःच्या खिशातून. खात्यांनी जाणूनबुजून छळ मांडलेला असतो असे नाही. खर्चाला मंजुरी आधी आणि निधी नंतर, या पद्धतीतच थकबाकी बेतलेली असते. म्हणून त्यावर उपायही पद्धतीतच हवा. बिल मुदतीत न निघाल्यास व्याजाची रक्कम मागणीशिवाय कोषागारातून जोडली जावी आणि ती कोणत्या खात्याच्या हिशेबी पडली हे अर्थसंकल्पाबरोबर छापले जावे.

दुसरी सुधारणा खुद्द कलम १८ मध्ये हवी. परिषदेकडे अर्ज करण्याचा हक्क आज फक्त वादातल्या पक्षाला आहे. संघटनेला परिषदेत खुर्ची मिळाली, परंतु सभासदांची नावे झाकून एकाच कंपनीविरुद्धच्या वीस तक्रारी स्वतःच्या नावाने मांडण्याचा अधिकार तिला नाही. जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइन तंटा निवारण पोर्टलवर अर्ज घरबसल्या करता येतो, तरी त्यावर सही पुरवठादाराचीच लागते. हा बदल होईल तेव्हा होईल. तोवर सभासदांना विनंती एवढीच: उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा, तो ऑर्डर स्वीकारण्याआधीच कळवा, आणि चलनावर शिक्क्याखाली तारीख घातल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर काढू नका.